डीलच्या किनाऱ्यावर, नायजरच्या शोधात

लंडनहून डीलला, म्हणजे इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या गावाला जातोय म्हटल्यावर मावसभाऊ म्हणाला, "किल्ला बघायला का रे?" किल्ला आहे, आठव्या हेन्रीचा. मी तो बाहेरूनच पाहिला. मला बघायचं होतं ते पाणी, जिथे 'नायजर' ही ब्रिटिश युद्धनौका बुडाली.

जून महिना, पण वारा बोचरा. इथल्या किनाऱ्यावर वाळू नाही, नुसते गोटे. दर पावलाला खर्र् आवाज आणि दहा मिनिटांत बुटात खडा.

एचएमएस नायजर १८९२ साली बॅरो-इन-फर्नेसला पाण्यात उतरली. टॉर्पेडो गनबोट. शत्रूच्या चिमुकल्या टॉर्पेडो बोटी आरमारावर चालून आल्या, की पाठलाग करून त्यांना तोफांनी उडवायचं, हे हिचं काम. पण वेग जेमतेम १९ नॉट, म्हणजे ताशी १९ सागरी मैल. सावजच हिच्यापेक्षा चपळ! पुढच्याच वर्षी २६ नॉटने पळणारी 'हॅवॉक' ही विनाशिका आली आणि या जातीच्या बोटींची रयाच गेली. नायजरला पुढे १९०९ मध्ये समुद्रातले सुरुंग काढण्याच्या कामाला जुंपलं.

याच जातीच्या दोन बोटी हिंदुस्थानच्या पैशांतून बांधल्या होत्या. नावं 'प्लासी' आणि 'असई'. असई म्हणजे आपल्या जालना जिल्ह्यातलं, १८०३ मध्ये शिंदे-भोसल्यांचा पराभव झाला ते गाव. पैसे आमचे आणि नाव आमच्याच पराभवाचं. हे वाचल्यापासून या बोटींनी माझा पिच्छा सोडलेला नाही.

११ नोव्हेंबर १९१४. नायजर डीलसमोर नांगर टाकून उभी होती. जर्मन पाणबुडी यू-१२ ने टॉर्पेडो सोडला. टॉर्पेडोवाल्यांना मारायला बांधलेली बोट शेवटी टॉर्पेडोनेच गेली, आणि तीही नांगरावर. किनाऱ्यावर लोक उभे राहून बघत होते. डीलच्या नावाड्यांनी मात्र लगेच होड्या लोटल्या आणि जवळजवळ सगळे खलाशी वाचले. यू-१२ देखील फार टिकली नाही. १९१५ च्या मार्चमध्ये ब्रिटिश विनाशिकांनी तिला बुडवलं.

मी पिअरच्या, म्हणजे समुद्रात आत गेलेल्या धक्क्याच्या टोकाला चहा घेऊन उभा राहिलो. हा पिअर १९५७ चा. नायजरच्या वेळचा पिअर १९४० साली एक जहाज धडकून मोडला. शेजारचे आजोबा गळ टाकून बसले होते. नायजर कुठे बुडाली, विचारलं. त्यांनी गळावरची नजर न काढता हनुवटीनेच उजवीकडे दाखवलं.

एक वाजता टाइमबॉल टॉवरवरचा काळा गोळा खाली घसरला. पूर्वी समोर नांगरलेली जहाजं त्यावर घड्याळं लावायची. मीही सवयीने मनगटाकडे पाहिलं. साडेपाच. घड्याळ अजून मुंबईच्याच वेळेवर होतं.