पत्र्याखालचे अठरा मीटर

ठाण्याला कोकणकन्येची वाट बघत उभी होते. गाडी उशिरा, पाऊस अगदी वेळेवर. तेवढ्यात रेल्वे पोलिसातला एक तरुण आला आणि माझ्या लांबट बॅगेकडे बोट दाखवून म्हणाला, "मॅडम, काय आहे यात?"

"धनुष्य."

त्याने बॅगेकडे पाहिलं, मग माझ्या पिकल्या केसांकडे, मग परत बॅगेकडे. "उघडा जरा."

झालं. प्लॅटफॉर्मच्या बाकड्यावर सगळा संसार मांडला. मधला रायझर म्हणजे धनुष्याची मूठ, तिला वरखाली जोडायच्या दोन पात्या म्हणजे लिंब, पुढे काठीसारखा लावायचा स्टॅबिलायझर, नेम धरायची साइट, दोऱ्या. इथपर्यंत त्याला गंमत वाटत होती. बाणांची नळी उघडली तसा तो सावध झाला. रत्नागिरीच्या स्पर्धेचं पत्र दाखवलं, ते त्याने सहीसकट वाचलं आणि विचारलं, "मुलगी खेळते का तुमची?" मीच खेळते म्हटल्यावर त्याला काय बोलावं सुचेना. "बर्थखाली ठेवा, पोरं हात लावतात," एवढं सांगून गेला.

खरं तर मुलगाच खेळायचा. डोंबिवलीला मैदानाच्या कडेला बसून मी त्याची पाण्याची बाटली सांभाळायचे. दहावीत त्याने खेळ सोडला तेव्हा मार्चपर्यंतची फी भरलेली होती. मी बँकेत नोकरी करते, भरलेले पैसे बुडालेले मला बघवत नाहीत. म्हणून मी जायला लागले. त्याला आता सहा वर्षं झाली, मी सत्तेचाळीसची झाले, आणि मुलगा अजून म्हणतो की आई, तू माझी फी वसूल करतेयस.

मैदानावर माझा एक हक्काचा साथीदार असतो, तो म्हणजे वारा. बाण डावीकडे गेला, वारा. खाली गेला, वारा. पण पावसाळ्यात मैदानांची तळी होतात आणि स्पर्धा हॉलमध्ये शिरतात. तिथे अंतर फक्त १८ मीटर, पण निशाणाचा कागद ४० सेंटिमीटरचा, आणि रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेल्या, माझ्यासारख्या धनुष्याला मधला दहाचा गोल जेमतेम ४ सेंटिमीटरचा. एखाद्या टपोऱ्या रातांब्याएवढा. तीन बाणांचा एक एंड, असे वीस एंड, साठ बाण, पैकीच्या पैकी ६००. मला ५०० हवे होते. घरच्या सरावात दोनदा झाले होते, आणि हॉलमध्ये वारा नसतो, तेव्हा होतील असं मी धरून चालले होते.

चिपळूणला जाग आली. खिडकीबाहेर काळोख आणि धो धो. इथेच वर घाटात परशुरामाचं देऊळ. सह्याद्रीवरून समुद्रात बाण मारला आणि समुद्राने मागे सरून कोकणाची जमीन दिली, ही गोष्ट लहानपणी ऐकताना मला परशू नि बाण या दोन हत्यारांचा गोंधळ व्हायचा. आता वेगळाच प्रश्न पडला. केवढं मोठं लक्ष्य! अख्खा समुद्र, चुकायची सोयच नाही. पुढे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागला. कानात दडे बसले, गाडीच्या धडधडीशिवाय काही ऐकू येईना. तेव्हा ते मनावर घेतलं नाही.

रत्नागिरी स्टेशन गावापासून लांब, कुवारबावला. रिक्षावाल्याने बॅग आत घ्यायला मदत केली. "गिटार काय ह्यात? वाजवायला आलाव काय?" सांगितल्यावर तो सबंध उतारभर आरशातून मला बघत होता.

राहायला एका ओळखीच्यांच्या घरी खोली मिळाली होती. मागे फणस, पुढे अंगणावर शाकारलेल्या झापा, घरात एक आजी. "काय गो, बाण मारूक की काय आलीस?" असं विचारून त्यांनी उत्तराची वाट न बघता पान वाढलं. ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, होड्या मिरकरवाड्याला वर ओढलेल्या, त्यामुळे ताजा बांगडा नव्हता. पण टाकळ्याची भाजी होती, त्यात फणसाच्या आठळ्या. कुळथाची पिठी, गरम भात, आणि चुलीत भाजलेला सुका बांगडा. दोन दिवस मी हेच जेवले आणि तक्रारीला जागा नव्हती. स्पर्धेच्या सकाळी मात्र त्यांनी मला दोनच घास भरवले. पोट जड झालं की हात जड होतो म्हणाल्या. हे त्यांना कोणी शिकवलं, कुणास ठाऊक.

हॉल म्हणजे बॅडमिंटनचा. चारी बाजूंनी भिंती, वर पत्रा. समोर फोमचे बट ओळीने उभे, त्यांवर तीन-तीन डोळ्यांचे उभे कागद, म्हणजे एकाखाली एक तीन निशाणं, एकेकाला एक बाण. दमट हवेने कागदांच्या कडा वर वळल्या होत्या आणि स्वयंसेवक पोरं जादा टाचण्या मारत फिरत होती. आधी सामानाची तपासणी. जजनी माझे बाण एकेक करून बघितले, सगळ्यांची पिसं एका रंगाची, दोरीत अडकवायच्या खाचा, म्हणजे नॉक, एका रंगाचे, दांडीवर माझ्या नावाची अक्षरं. हॉलसाठी मी जाडे बाण आणले होते. बाण रेषेला नुसता शिवला तरी वरचा आकडा मिळतो, म्हणून दांडी जेवढी जाड तेवढा आशेला वाव. जाडीलाही मर्यादा आहे, ९.३ मिलिमीटर, नाहीतर आम्ही खांब मारले असते.

माझ्या बटवर साताऱ्याकडची एक सोळा वर्षांची मुलगी होती. साताऱ्याच्या अदिती स्वामीने २०२३ मध्ये बर्लिनला, वयाच्या सतराव्या वर्षी, कंपाउंडचं, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या धनुष्याचं, जगज्जेतेपद जिंकलं. तेव्हापासून तिकडच्या पोरी स्पर्धेला येतात त्या हरायला आल्यासारख्या दिसत नाहीत. ही माझ्यासारखी रिकर्व्हवाली. बॅग लावता लावता म्हणाली, "काकू, तुमच्या टॅबचं चामडं ओलं झालंय, घासून घ्या." टॅब म्हणजे दोरी ओढताना बोटांवर घालायचा चामड्याचा तुकडा. मी घासून घेतलं.

पहिल्या पाच एंडपर्यंत सगळं ठीक. मग पाऊस आला. म्हणजे होताच, पण आता पत्र्यावर आला. ज्याने कोकणातल्या पत्र्याखाली आषाढ काढलाय त्याला सांगायला नको. शेजारचा माणूस ओरडला तरी त्याचे फक्त ओठ हलताना दिसतात. बझर ऐकू येईना, तेव्हा दिव्यावर बघून बाण मारायचे ठरलं. हिरवा लागला की मारा, लाल लागला की थांबा. तीन बाणांना ठरलेला वेळ.

दिव्यांचं जमलं. क्लिकरचं काय करायचं?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. रायझरला एक पातळ लवचिक पट्टी असते. बाण तिच्याखाली सरकवायचा आणि दोरी ओढत न्यायची. हनुवटीला हात लागला, नेम स्थिरावला, तरी सोडायचं नाही. पाठीने अजून केसभर ओढायचं. बाणाचं टोक पट्टीखालून निसटतं, पट्टी रायझरवर आपटते, टक. त्या टकेला बोटं सुटतात. सहा वर्षं माझ्या बोटांनी माझं ऐकलेलंच नाही, त्यांनी त्या टकेचं ऐकलंय.

ती टक ऐकू येईना. मी ओढतेय, ओढतेय, पाठ थरथरतेय, नेम भोवऱ्यासारखा फिरतोय, आणि पट्टी कधीच पडून गेलेली. एकदा डोळा वळवून पट्टीकडे बघितलं तर बाण सहाच्या बाहेर, म्हणजे एम, शून्य. तीन डोळ्यांच्या कागदावर सहाखाली काही नसतंच. दोनदा ओढून परत खाली घेतलं, त्यात वेळ गेला, तिसरा बाण घाईत मारला. हा वारा नव्हता, पण वाऱ्याचा सख्खा भाऊ होता.

बाण काढायला चालत जाताना त्या मुलीने विचारलं, "क्लिकर ऐकू येत नाही ना? मलापण नाही. मी कानात बोळे घालूनच सराव करते, आमच्या हॉललापण पत्राच आहे." मग थांबून म्हणाली, "डाव्या पंजात येतो तो. ग्रिपमध्ये. कानाने शोधू नका."

मी पुढच्या एंडला डाव्या पंजाकडे लक्ष दिलं. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा अंगठ्याच्या बुडाशी, जिथे रायझर टेकतो तिथे, एक बारीकसा दाणा फुटल्यासारखं झालं. तांदूळ दाताखाली यावा तेवढंच. बाण सुटला. नऊ. पहिल्या तीस बाणांचे २५४ झाले. ५०० अजून आवाक्यात होते.

दुसऱ्या अर्ध्यात चौथ्या एंडला, पहिला बाण मारून झाला आणि वीज गेली. दिवे, घड्याळ, पंखे, सगळं. जजनी शिट्टीवर शिट्टी फुंकली, पाच तरी असतील, म्हणजे तत्काळ थांबा. आम्ही धनुष्यं खाली घेऊन मागच्या रेषेवर आलो. बाहेर आभाळ इतकं काळं की खिडक्यांचाही उपयोग नव्हता. कोणीतरी चहा आणला. कोणीतरी मोबाइलच्या उजेडात शेंगदाण्याचा लाडू वाटला. दहा-बारा मिनिटांनी जनरेटर धडधडला आणि उरलेल्या दोन बाणांचा वेळ देऊन परत हिरवा लागला.

माझी सवय खालून वर जायची. आधी तळचा डोळा, मग मधला, मग वरचा. चहा पोटात, लाडू तोंडात, डोकं कोरं. मी रेषेवर उभी राहिले आणि नवा एंड असल्यासारखी तळापासून सुरुवात केली. पंजात दाणा फुटला, बाण झकास गेला. मग मधल्यावर आठ. धनुष्य स्टँडला ठेवलं तेव्हाही कळलं नाही.

बटजवळ गेल्यावर दिसलं. तळच्या डोळ्यात माझे दोन बाण, एकमेकांना चिकटून, एक दहात, एक नऊत. वरचा डोळा स्वच्छ. एका डोळ्यात दोन बाण गेले तर कमी आकड्याचा धरतात आणि दुसरा शून्य. साताऱ्याच्या मुलीने आकडे मोठ्याने वाचायचे होते. तिने वाचले, "नऊ, आठ, एम," पण शेवटचं अक्षर इतकं हळू, की लिहिणाऱ्याने दोनदा विचारलं. दहा गेले ते गेलेच, शिवाय माझ्या त्या दिवसाच्या सगळ्यात देखण्या दोन बाणांमुळे गेले. मला हसू आलं. तिला मात्र वाईट वाटलं असावं, कारण पुढच्या एंडला तिने स्वतःच्या बाणांआधी माझ्या कागदाकडे बोट करून विचारलं, "काकू, तळापासून ना?"

एकूण ४९३. ५०० ला सात कमी. ती पोरगी तिसरी आली. तिने मेडल माझ्या हातात देऊन फोटो काढायला लावला आणि मग काढून घेतलं, ते बरं केलं.

रविवारी सकाळी थिबा राजवाडा बघून आले. ब्रह्मदेशाचा राजा, इंग्रजांनी इथे आणून ठेवलेला. राजवाडा १९१० साली झाला आणि १९१६ मध्ये राजा इथेच वारला. वरच्या गच्चीवरून खाडी दिसते. पावसामुळे त्या दिवशी नुसती राखाडी पाटी दिसली. मांडवीच्या धक्क्यावर लाटा कठड्याला धडका देत होत्या, तिथे भिजत मक्याचं कणीस खाल्लं. दुपारच्या मांडवी एक्स्प्रेसने परत निघायचं होतं.

स्टेशनला न्यायला तोच रिक्षावाला. बॅग आत सरकवत म्हणाला, "काय वो ताई, जिकलाव काय?"

"एकोणिसावी आले."

"किती जनींत?"

"बावीस."

तो आरशात बघून मान हलवत राहिला. मारुती मंदिराचा चौक गेल्यावर म्हणाला, "म्हंजे तिघी मागं हाईत की."

मी हो म्हटलं. त्याने गाण्याचा आवाज वाढवला, पण पावसात मला काही ऐकू आलं नाही.