रिपोर्ट नॉर्मल आहेत

१३ जानेवारी, भोगी

भोगीच्या भाजीसाठी लागणारे सोलाणे सोलायला या वर्षी मला कोणी बोलावले नाही. सासूबाईंनी हरभऱ्याच्या डहाळ्या, पावट्याच्या शेंगा आणि मटार एकाच परातीत ओतले, मांडी घातली आणि घाटे तोडायला सुरुवात केली. मी शेजारी बसून तीळ निवडू लागले, तर त्या म्हणाल्या, "तू आपली बाजरीचं पीठ चाळून ठेव, तेवढं पुरे." त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. गेल्या वर्षी मी हट्टाने सोलायला बसले होते आणि हरभऱ्याची आंब नखाच्या कडेला लागल्यावर परात तशीच टाकून उठले होते, ते त्यांच्या लक्षात असावे.

दुखते कसे, हे एकदा नीट लिहून ठेवायचे कधीपासून मनात आहे. उजव्या हाताचे मधले बोट आणि करंगळीशेजारचे बोट, या दोनच बोटांना हा त्रास होतो. नखाच्या मुळाशी कोणी टाचणीचे डोके दाबून धरावे तशी कळ सुरू होते, थोड्या वेळाने तिचा ठणका होतो आणि ठणका ओसरल्यावर बोटाचा शेंडा इतका हुळहुळा राहतो की रात्री गोधडीची कडा लागली तरी जाग येते. कधी हे सगळे चहा उकळेपर्यंत आटोपते, कधी अर्धा दिवस खाते. मग अनेक आठवडे काहीच होत नाही. लसूण सोलता येतो, ब्लाउजचे हूक लावता येतात, आणि आपण उगाच बाऊ केला की काय अशी शंका मलाच येऊ लागते. नेमकी तेव्हाच एखाद्या सकाळी टाकीतल्या गार पाण्याखाली हात धरला की पुन्हा पहिल्यापासून सारे सुरू होते.

बाहेरून काही दिसत नाही, ही खरी अडचण आहे. सूज नाही, लाली नाही, नख वाकडे झालेले नाही, त्याच्यावर रेघ नाही की खड्डा नाही. सासूबाईंनी सुरुवातीला हे नखुरडे आहे असे ठरवून लिंबाला भोक पाडले, त्यात हळद भरली आणि ते टोपीसारखे माझ्या बोटात घातले. हळदीच्या पेठेत राहणाऱ्या बाईला दुसरे काय सुचणार? नखुरड्यात नखाच्या कडेला जंतूंचा संसर्ग होतो, बोट लाल होऊन सुजते आणि पू धरतो. माझ्या बोटात त्यातले काहीच नव्हते. थंडीच्या रात्री त्या गार लिंबाने कळ मात्र अशी उठली की मध्यरात्री मी ते काढून मोरीत ठेवले. त्यानंतर निर्गुडीच्या पाल्याचा शेक झाला, वांगी आणि हरभऱ्याची डाळ वातूळ म्हणून बंद झाली, आणि यथावकाश पुन्हा सुरू झाली, कारण घरात वांगे सर्वांना आवडते. शेक मला अजूनही बरा वाटतो. त्यात पाल्याचा गुण किती आणि नुसत्या उबेचा किती, हे मला सांगता येणार नाही, आणि शेक घेताना त्याची फिकीरही वाटत नाही.

१६ जानेवारी

रजा टाकून मिरजेला जाऊन आले. मिरजेला आरोग्यपंढरी म्हणतात. सर विल्यम वॉनलेस या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ मध्ये तिथे रुग्णालय सुरू केले, तेव्हापासून कोकणातले आणि कर्नाटकातले रुग्ण या गावाकडे येत राहिले आहेत. आजही दवाखान्याच्या बाकावर माझ्या एका बाजूला कानडी बोलणे चालले होते आणि दुसऱ्या बाजूला मालवणी. सर्वांच्या मांडीवर एक्स-रेची मोठी पाकिटे होती. माझ्या मांडीवर प्लास्टिकची फाईल होती, आणि ती आता इतकी जाड झाली आहे की तिचे बटण लागत नाही.

या फाईलबद्दल मला आज थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण तिच्यावरून आमच्या घरात जो गैरसमज आहे तो तोंडी समजावता समजावता मी थकले आहे. प्रत्येक नव्या तपासणीनंतर माझे यजमान कागद पाहतात, "नॉर्मल" हा शब्द शोधतात आणि मनापासून सुटकेचा श्वास सोडून म्हणतात, "म्हणजे काही नाही ना, चांगलं झालं." त्यांच्या बोलण्यातली माया मला कळते. परंतु त्या कागदांत "काही नाही" असे कुठेही लिहिलेले नसते. एकेक कागद एकेका प्रश्नाचे उत्तर असतो. साखर वाढली आहे का? नाही. थायरॉइड बिघडले आहे का? नाही. बी-१२ कमी आहे का? नाही. युरिक अॅसिड? नाही. संधिवातासाठी आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या तपासण्या झाल्या, त्याही निगेटिव्ह आल्या, आणि तेव्हाही डॉक्टरांनी सांगितले होते की काही रुग्णांमध्ये त्या निगेटिव्ह येऊनही संधिवात असतो, म्हणून सांध्यांवर लक्ष ठेवावे लागेल. अशी ती "हे नव्हे, तेही नव्हे" अशी यादी आहे. ती लांबत जाते याचा मला आनंद होतो, कारण त्या यादीतली बरीच नावे भीतिदायक आहेत. पण यादी लांबली म्हणून बोट दुखायचे थांबत नाही, आणि हेच वाक्य घरात उच्चारले की मी कृतघ्न ठरते.

नसांच्या तपासणीत हातावर जागोजागी विजेचे लहान झटके देऊन संदेश किती वेगाने पोहोचतो ते मोजतात. माझे सर्व वेग ठीक निघाले. मनगटात नस दबली असती, तर अंगठा, त्याच्या शेजारचे बोट, मधले बोट आणि करंगळीशेजारच्या बोटाचा अंगठ्याकडचा अर्धा भाग दुखला असता, कारण या बोटाच्या दोन कडा दोन वेगळ्या नसांच्या वाट्याला आल्या आहेत. आज डॉक्टरांनी सुईचे टोक अगदी हलक्या हाताने बोटाच्या एका कडेवर आणि नंतर दुसऱ्या कडेवर लावून विचारले, तर मला दोन्हीकडे सारखेच टोचले. दुखतानाही ते दोन्हीकडे सारखेच दुखते. नसांच्या नकाशातली सीमा माझे दुखणे पाळत नाही. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी आजवर मला कोणी सांगितली नव्हती: या तपासणीत जाड नसांचे काम कळते, वेदना आणि थंडी-ऊब वाहून नेणारे बारीक तंतू तिच्या पकडीत येत नाहीत. म्हणजे या कागदावरचे "नॉर्मल" सुद्धा अर्ध्याच प्रश्नाचे उत्तर आहे.

मग त्यांनी बॉलपेनच्या मागच्या टोकाने नखावर एकेक जागा दाबून पाहिली. बोटांच्या शेंड्यांत, विशेषतः नखाखाली, रक्तवाहिन्यांच्या बारीक गुंडाळ्या असतात आणि शरीराची उष्णता राखायची की बाहेर सोडायची हे काम त्या पाहतात. अशा गुंडाळीत कधीकधी मिलिमीटरांत मोजावी अशी गाठ होते. तिला ग्लोमस ट्यूमर म्हणतात. ती बहुधा कर्करोगाची नसते, पण विलक्षण दुखते. थंडी तिला सोसत नाही, आणि रुग्णाला पेनाच्या टोकाने नेमकी जागा दाखवता येते. बाहेरून काही दिसत नसल्याने अनेकांना तिचे निदान व्हायला वर्षे लागतात. हे ऐकताना मला एकाच वेळी भीती आणि आशा वाटली, आणि आशा जास्त वाटली हे येथे लिहून ठेवते. परंतु माझी जागा नेमकी सापडेना. एकदा डावीकडे दुखले, एकदा मध्ये, एकदा दोन्ही बोटांवर. दंडाला रक्तदाबाचा पट्टा आवळल्यावर अशा गाठीचे दुखणे तेवढ्यापुरते थांबते म्हणतात. त्यासाठी आधी बोट दुखत असायला हवे, आणि आज तिथे पोहोचेपर्यंत ते शांत झाले होते. दुखणाऱ्या दाताचे दवाखान्यात असे होते हे ऐकून होते, बोटाचेही होते हे आज कळले. मागे केलेल्या एमआरआयमध्ये गाठ दिसलेली नाही. डॉक्टर "गाठ नाही" असे म्हणाले नाहीत, "दिसली नाही" असे म्हणाले. इतका जपून बोलणारा माणूस मला आवडला.

तळहात गार पडून बोटे आधी पांढरी, मग निळी आणि मग लाल होतात त्या विकाराबद्दलही त्यांनी विचारले. मोरिस रेनॉ या फ्रेंच डॉक्टरांनी १८६२ मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला त्यांचेच नाव आहे. माझी बोटे असा रंग बदलताना मी पाहिलेली नाहीत. त्यावर ते म्हणाले, "पुढच्या वेळी दुखायला लागलं की आधी मोबाइलवर दोन्ही हातांचा फोटो काढा, मग शेकायला बसा."

पूर्वी एका डॉक्टरांनी फाईल मिटून "टेन्शन घेऊ नका" एवढेच सांगून मला बाहेर पाठवले होते. काळजीने दुखणे वाढते हे मला मान्य आहे. पण आधी बोट दुखले आणि मग काळजी आली, हा क्रम त्यांनी विचारायला हवा होता.

१९ जानेवारी

ग्रंथालयात आज नव्या पुस्तकांवर शिक्के मारायचे होते. ते काम डाव्या हाताने केले. शिक्के थोडे तिरके उमटले आहेत.

आमच्याकडे सर्वांनी या दुखण्याचे कारण केव्हाच ठरवून टाकले आहे, आणि ते म्हणजे महापूर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी आमच्या सांगलीत आयर्विन पुलापाशी ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फुटांच्या वर गेले, आमच्या तळमजल्यावरची कपाटे बुडाली, आणि पाणी उतरल्यावर आम्ही सर्वांनी ओली पुस्तके पसरून पाने सोडवली. जुना पातळ कागद ओला झाला की दोन पाने एकजीव होतात. त्यांच्यामध्ये नखाचे टोक सरकवून, हळूहळू, फाटू न देता ती उलगडावी लागतात. त्या दिवसांत नखांत गाळ कायमचा बसलेला असे. त्यामुळे "पुराच्या पाण्यातच काहीतरी झालं" हे वाक्य बोलायला सोपे आहे, आणि ऐकणाऱ्यालाही ते लगेच पटते.

मला ते पटत नाही. हाताचे नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढते. मुळापासून टोकापर्यंतचे अख्खे नख नवे व्हायला सहा महिन्यांच्या आसपास लागतात. पुरात बुडालेले नख मी कधीच कापून टाकले आहे, त्यानंतरची कितीतरी नखेही टाकली आहेत. शिवाय नख स्वतः दुखत नाही, ते निर्जीव असते. दुखते ती त्याच्या खालची कातडी, जी थेट हाडावर बेतलेली असते, मध्ये चरबीची गादी नसते, म्हणून तिथे जराशी सूज आली तरी तिला पसरायला जागा मिळत नाही. ती कातडी पुरातली आहे हे खरे, म्हणून मी ही शक्यता अगदीच पुसून टाकत नाही. पण पुरानंतरचे हिवाळे बिनदुखते गेले, आणि माझ्याबरोबर चिखलात हात घालणाऱ्या कोणाचीही बोटे दुखत नाहीत. पूर हे आमच्या शहरातले सर्वांत मोठे कारण आहे, म्हणून प्रत्येक कार्य त्याच्याच पदरात घातले जाते.

२५ जानेवारी, रथसप्तमी

आज हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस असल्याने आमच्या इमारतीतल्या सर्व जणी एकदमच आल्या. कुंकू करंगळीशेजारच्या बोटाने लावायचे, ही आमच्याकडची रीत. काल रात्रीपासून तेच बोट ठसठसत होते, म्हणून मी डाव्या हाताने करंडा धरला आणि उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटाने कुंकू लावत गेले. कोणाच्या लक्षात आले नाही. आले असेल तर कोणी बोलून दाखवले नाही. तिळगूळ मात्र मीच वळला होता. पाक गरम असतानाच लाडू वळावे लागतात, आणि त्या उबेत माझी बोटे घरातल्या कोणाहूनही जास्त वेळ टिकतात.

खालच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या काकूंनी स्वतःचा हात पुढे करून दाखवला. त्यांचे बोट वाकले की अडकते आणि सोडवताना टक् असा आवाज येतो. ट्रिगर फिंगर म्हणतात त्याला, इंजेक्शन घेतले, आता पुष्कळ बरे आहे, असे त्या सांगत होत्या आणि भोवतीच्या बायका माना डोलावत होत्या, कारण नाव आहे, इंजेक्शन आहे आणि गुणही आला आहे. मग त्यांनी मला विचारले, "तुमचं काय निघालं हो?" मी म्हटले, "अजून काही निघालं नाही." यावर सर्व जणी क्षणभर गप्प झाल्या आणि मग एकदम वाणाच्या डब्यांविषयी बोलू लागल्या. मला काकूंचा हेवा वाटला. दुसऱ्याच्या आजाराचा हेवा वाटणे चांगले नव्हे हे कळते, पण त्यांच्याकडे सांगण्यासारखे एक वाक्य आहे आणि माझ्याकडे तासभराचे निवेदन आहे, जे ऐकायला कोणाला वेळ नसतो आणि सांगायला आता मलाही उत्साह नसतो.

सगळ्या गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "अगं, मोजकं सांगावं. थंडीनं बोटं दुखतात म्हणावं, झालं." त्यांचे म्हणणे मला पटले. ते पूर्ण खरे नाही, खोटेही नाही, आणि पाण्याचा हंडा उचलायला किंवा बरणीचे झाकण उघडायला मदत मागण्यासाठी तेवढे पुरेसे आहे.

काल रात्री दुखताना फोटो काढला आहे. बल्बच्या पिवळ्या उजेडात दोन्ही हात सारखेच दिसतात, त्यामुळे पुढचा फोटो दिवसा, खिडकीपाशी काढावा लागेल. डॉक्टरांनी एप्रिलमध्ये बोलावले आहे. उन्हाळ्यात दुखणे थांबले तर थंडीचा संशय पक्का होईल. थांबले नाही तर एमआरआय पुन्हा करायचा, या वेळी फक्त बोटांच्या शेंड्यांचा. तोवर वहीत तारीख, वेळ, कोणते बोट आणि त्याआधी हात गार पाण्यात होता का, एवढेच लिहायचे आहे. वही डाव्या हाताने लिहिण्याचा सराव उद्यापासून करते.