शेवंतीची रुजलेली कटिंगं आणि रात्रीचा दिवा: यंदाच्या बॅचची नोंद

मंडळी, यंदाची कटिंगं रुजली, कागदी ग्लासातनं सहा इंची कुंडीत गेली, शेंडेही खुडून झालेत. आता खरा प्रश्न हा, की झाड अजून किती वाढू द्यायचं आणि कळी लवकर धरू नये म्हणून लावलेला रात्रीचा दिवा कधी बंद करायचा. माझं ठाम मत आहे की कटिंग लावून किती आठवडे झाले ते बघून दिवा बंद करू नये, मूळ आणि उंची बघावी, आणि फूल कधी पाहिजे तिथनं उलटं मोजत यावं.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. शेवंती रात्रीची लांबी ओळखते. अंधार सलग आणि लांब मिळाला की कळी धरते, मध्येच उजेड पडला की पानंच काढत राहते. १९२० साली गार्नर आणि अ‍ॅलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी दिवसाच्या लांबीवर फुलणं ठरतं हे दाखवलं ते तंबाखूवर, आपल्या शेजारच्या निपाणीच्या पिकावरच म्हणा की. परदेशी पुस्तकात असतं की उन्हाळ्यात दिवस मोठा, त्यामुळे झाड आपोआप वाढीतच राहतं. पण कोल्हापुरात २१ जूनलासुद्धा दिवस तेरा तासांच्या जरासाच वर जातो आणि शेवंतीला कळी धरायला जातीनुसार साधारण साडेतेरा-साडेचौदा तासांच्या आतला दिवस चालतो, मग पहाटेचा आणि तिन्हीसांजेचा उजेड धरला तरी काठावरच. म्हणून तर इथं जून-जुलैत वीतभर रोपाच्या शेंड्यावर मध्येच कळी दिसते, आजूबाजूची पानं कातरी सोडून पट्टीसारखी लांबट येतात आणि ती कळी तशीच अडकून बसते, तिच्या खालनं पुन्हा फुटवे निघतात. असं दिसलं की समजायचं रात्री उजेड कमी पडतोय.

माझी सोय साधी आहे, गच्चीवर पत्र्याखाली वॉर्म व्हाइट एलईडी बल्ब आणि टायमर, रात्री दहा ते दोन. वॉर्म व्हाइटच का, तर झाडाला रात्र मोडल्याचं कळतं ते मुख्यतः लाल उजेडानं, आणि तो त्यात बऱ्यापैकी असतो. झगझगीत उजेड लागत नाही, फक्त प्रत्येक शेंड्यावर पडला पाहिजे, कोपऱ्यातली कुंडी अंधारात राहिली तर ती एकटीच पुढं निघून जाते.

मुळाचं असं बघते. कुंडी हातावर उलटी करून काठाला टिचकी मारली की माती अख्खी गड्ड्यासारखी बाहेर येते, कडेनं पांढरी बारीक मुळं जाळ्यासारखी फिरलेली दिसली आणि गड्डा सुटला नाही तर झाड तयार. मुळं तपकिरी, ओलसर वास येतोय, तर थांबायचं. आपल्याकडं आषाढ-श्रावणात ऊन नसतंच, कुंडी वाळत नाही, त्यामुळे तेच रोप मूळ धरायला जास्त वेळ घेतं आणि आठवड्यांचा हिशेब तिथंच फसतो.

आता उंची. दिवा बंद केल्यावर झाड लगेच थांबत नाही, कळी पक्की होईपर्यंत पानं काढतंच आणि नंतर पेरंही लांबतात. माझ्याकडं सगळ्या जाती जवळपास दुप्पट होतात, म्हणून दीड फुटाचं झाड पाहिजे असेल तर पाऊण फुटावर दिवा बंद. खुडल्यावर आलेल्या बगलफुटीला पाच-सहा पानं असली पाहिजेत, त्याच्या आधी घाई केली तर देठ बारीक राहतात आणि फूल मान टाकतं.

तारखेचं गणित मला पंचांगावरनंच सोपं जातं. मला फुलं मार्गशीर्षातल्या गुरुवारांना पाहिजेत. घटस्थापना ते मार्गशीर्ष सुरू म्हणजे दोन चांद्र महिने, साधारण साडेआठ आठवडे. लवकर येणारी जात असेल तर घटस्थापनेला दिवा बंद. माझा स्नोबॉल सावकाश येतो, त्याला अनंत चतुर्दशीपासूनच अंधार देते, म्हणजे अकराएक आठवडे मिळतात. पण बंद म्हणजे पूर्ण बंद हं, गल्लीत मंडळाची रोषणाई किंवा नवरात्राच्या माळा रात्रभर असतील तर कुंड्या घराच्या मागं न्या, नाहीतर त्या बाजूची फुलं नक्की मागं पडतात.

मदर प्लँट, म्हणजे कटिंगं काढायला जुनी झाडं, ठेवणाऱ्यांनी अजून एक लक्षात ठेवा. अंबाबाईचा किरणोत्सव, म्हणजे मावळतीची किरणं देवळात मूर्तीवर पडतात तो, नोव्हेंबरात आणि पुन्हा जानेवारीच्या शेवटी होतो, कारण त्या दोन्ही वेळी सूर्य एकाच जागी मावळतो, म्हणजे दिवसही सारखाच, साडेअकरा तासांच्या आतला. फुलं संपल्यावर बुंध्यातनं जे फुटवे येतात त्यांनाही तोच छोटा दिवस मिळतो आणि तेही कळी धरतात, त्यामुळे पुढच्या वर्षीची कटिंगं त्यांच्यावरनं घ्यायची असतील तर दिवा तेव्हापासूनच लावा.

सध्या स्नोबॉल अंधारात गेलाय, झिपरी ही दुसरी जात अजून दिव्याखाली. मावा थोडा दिसतोय शेंड्यावर, निंबोळी अर्क चालू आहे. स्नोबॉलच्या कळ्या मुगाएवढ्या झाल्या की मधली ठेवून बाजूच्या काढणार, झिपरीच्या मात्र सगळ्या ठेवणार कारण ती हाराचीच.