पोरगी आणि पोरीला: इंग्रजीतला ‘द’ मला कसा कळला

वकील मॅडमनी माझा ड्राफ्ट टेबलावर ठेवला आणि विचारलं, “बाकीचे दोन भाडेकरू कुठं गेले?”

मला प्रश्नच कळला नाही. त्या घरात तीन भाडेकरू होते आणि आमच्या अशिलाबद्दल मी लिहिलं होतं, ‘ही इज द टेनंट ऑफ द हाउस’. त्या एका ‘द’मुळे घरात आमचा अशील हा एकटाच भाडेकरू ठरत होता. हवं होतं ‘ए टेनंट’. समोरच्या वकिलाने असा शब्द सोडला नसता.

मी काटोलची, शाळा मराठी माध्यमाची. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या ऑफिसात टायपिंग करता करता ड्राफ्टिंग शिकायचं ठरवलं. बाकी व्याकरण जमलं, पण आर्टिकल, म्हणजे ‘ए’, ‘ॲन’ आणि ‘द’, प्रत्येक पानावर लाल होऊन परत यायचे. म्हणून ऑफिस सुटल्यावर सीताबर्डीतल्या एका क्लासला जाऊ लागले.

‘ए’ आणि ‘ॲन’ दोन दिवसांत झालं. एईआयओयू पाठ करू नका, शब्द देवनागरीत लिहून बघा. अवर, ऑनेस्ट, एमएलए, एफआयआर हे सगळे स्वराने सुरू होतात, म्हणून ‘ॲन’. युनिव्हर्सिटी, युरोपियन, वन-रुपी कॉइन य आणि व ने सुरू होतात, म्हणून ‘ए’. आपली लिपी उच्चार लिहिते, तेव्हा हा फायदा आपल्याला फुकट आहे. ‘ॲन ऑरेंज’ म्हणताना मला तर आनंदच होतो. संत्र्याचं ते नाव मुळात आपल्या ‘नारंग’वरून निघून फारसी-अरबीतून युरोपात गेलं. तिकडे त्याचा पहिला न गळाला, तो ‘एक’ सांगणाऱ्या आधीच्या शब्दाच्या न मध्ये मिसळला असं मानतात.

अडलं ते ‘द’पाशी, आणि तिथे पाच महिने गेले.

क्लासमध्ये नियम एकच होता: वस्तू पहिल्यांदा आली की ‘ए’, दुसऱ्यांदा आली की ‘द’. राजाच्या गोष्टीत तो चालतो. पण मी विचारलं, “सर, ‘क्लोज द डोअर’मध्ये दार पहिल्यांदाच आलं ना?” उत्तर मिळालं, “ते एक्सेप्शन आहे.” ‘द सन’? एक्सेप्शन. ‘द हायकोर्ट’? एक्सेप्शन, पाठ करा. माझ्या वहीत एक्सेप्शनची चार पानं भरली. नियम अर्ध्या पानाचा आणि अपवाद चार पानांचे असतील, तर नियमच चुकीचा सांगितला जातोय, हे मला तेव्हाही वाटत होतं. पण बोलायची हिंमत नव्हती. वर्गातले सगळे माना डोलवायचे. पुढे विचारलं तर “वाचत राहा, कान तयार होईल,” एवढंच. वयाच्या चौतिसाव्या वर्षी, घर आणि नोकरी सांभाळून पैसे भरणाऱ्या बाईला हे उत्तर देणं बरोबर नाही. अजूनही ते आठवलं की राग येतो.

उत्तर घरात सापडलं. भावाचं लग्न जमवणं चालू होतं. आई फोनवर मावशीला सांगत होती, “अजून पोरगी शोधून राहिलो ना बाई.” त्याच संध्याकाळी माझी लेक खेळून परत आली नव्हती. आई जिन्यात उभी. शेजारच्या काकूंनी विचारलं, “काहून उभ्या जी?” आई म्हणाली, “पोरीला शोधून राहिली.”

मी स्वयंपाकघरात तशीच थांबले. ‘पोरगी शोधतोय’ म्हणजे कोणतीही, अजून ठरलेली नाही: ‘ए गर्ल’. ‘पोरीला शोधतेय’ म्हणजे कोणती ते ऐकणारीलाही माहीत आहे: ‘द गर्ल’. तो फरक मी जन्मभर एका ‘ला’ने करत आले होते. वस्तूंना ‘ला’ सहसा लागत नाही, तिथे शब्दांचा क्रम हे काम करतो. ‘टेबलावर पुस्तक आहे’ म्हणजे ‘ए बुक’, ‘पुस्तक टेबलावर आहे’ म्हणजे ‘द बुक’.

वस्तू आधी आली की नाही, हे ‘द’ विचारत नाही. तो विचारतो, ऐकणाऱ्याला कोणतं ते कळलं का? खोलीला दार एकच, सूर्य एकच, म्हणून कळलं. माझ्या मनात ठरलेली मुलगी असून चालत नाही. ‘मी एका मुलीला शोधतेय’ म्हटलं तर तुम्हाला ती माहीत नाही, म्हणून ‘ए’. त्या रात्री मी वहीतली चार पानं पुन्हा वाचली. बहुतेक अपवाद या एका प्रश्नात बसले.

बसले नाहीत तेही सांगते, कारण मराठी तिथे मदत करत नाही. ‘मी वकील आहे’मध्ये आपण ‘एक’ म्हणत नाही, इंग्रजीला मात्र ‘ए लॉयर’ लागतंच. ॲडव्हाइस, इन्फर्मेशन, फर्निचर मोजता येत नाहीत, त्यांना ‘ए’ किंवा ‘ॲन’ लावू नका. ‘ॲन ॲडव्हाइस’ मी नोटिशीत लिहिलेलं आहे. आणि जीवन, न्याय असं सगळ्यांसाठी बोलताना नुसतं ‘लाइफ’, नुसतं ‘जस्टिस’.

आता ड्राफ्ट लिहिताना प्रत्येक नामापाशी थांबते आणि समोर न्यायाधीश वाचतायत असं धरते: यांना कोणता ते कळलंय का? पहिल्या परिच्छेदात ‘ए टेनंट’, पुढे सगळीकडे ‘द टेनंट’. मागच्या महिन्यातला बारा पानांचा ड्राफ्ट मॅडमनी आर्टिकलची एकही लाल खूण न करता पुढे पाठवला. मी त्याची झेरॉक्स काढून ठेवली आहे.

नावांचं राहिलंच. नद्या, समुद्र आणि पर्वतरांगांना ‘द’ लागतो: द कन्हान, द अरेबियन सी, द सातपुडा रेंज. तलाव, रस्ता आणि शहराला सहसा नाही: फुटाळा लेक, वर्धा रोड, नागपूर. हे मात्र पाठच करावं लागलं. आणि स्वराआधी ‘द’चा उच्चार ‘दि’ होतो, तिथेही देवनागरीची तीच युक्ती चालते.