दही लागलं नाही, तेव्हा

आमच्या चंद्री गाईला पहिल्यांदा दगडी, म्हणजे कासेची सूज, झाली तेव्हा आम्ही ती फारशी मनावर घेतली नाही. आमच्या संगमनेरकडे कासदाह कुणी म्हणत नाही, दगडीच म्हणतात. कास हाताला लागतेही तशीच. गावातला एक जण येऊन इंजेक्शन द्यायचा, सडात औषधाची ट्यूब सोडायचा. दोन दिवसांत दुधातल्या गाठी गेल्या की पुढचे डोस आम्हीच बंद करायचो. तेवढेच पैसे वाचले!

महिन्याभरात पुन्हा तोच मागचा उजवा सड. या वेळी आईने घरच्या दुधाला विरजण लावलं, तर सकाळी पातेल्यात दूध तसंच पातळ. आईने विरजणाला दोष दिला. आम्ही आजारी सडाचंच दूध तेवढं फेकत होतो, बाकी तिन्ही सडांचं घरात आणि डेअरीला. औषध रक्तातून चारही सडांत उतरतं आणि विरजणातले जंतूही मारतं, हे मला फार उशिरा कळलं.

तिसऱ्या वेळी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना बोलावलं. ते म्हणाले, "आधी नमुना, मग औषध." स्पिरिटच्या बोळ्याने सड पुसला, पहिल्या दोन-तीन धारा सोडल्या, मग निर्जंतुक बाटली तिरकी धरून दूध घेतलं आणि बर्फात ठेवलं. गाईला ताप नव्हता, वैरण खात होती, म्हणून अहवालापर्यंत सूज उतरायच्या औषधावर थांबता आलं. दर दोन-तीन तासांनी तो सड पिळून रिकामा करायचा, रात्रीसुद्धा. अहवालात आमच्या नेहमीच्या ट्यूबमधल्या औषधाला जंतू दाद देत नव्हते. नवीन औषधाचे सगळे डोस दिले, आणि शेवटच्या डोसानंतर दूध न वापरण्याची खोक्यावर लिहिलेली मुदत संपेपर्यंत चारही सडांचं दूध खड्ड्यात ओतलं. रोज बादली उलटी करताना वडील तिकडे बघायचे नाहीत.

खरी कटकट पुढे होती. वडील अंगठा मुडपून धार काढायचे, बोटं दुधात भिजवायचे आणि एकाच फडक्याने पाचही गाई पुसायचे. फडकी वेगळी झाली, मुठीने पिळणं मात्र त्यांच्या हाताला बसायला दोन महिने लागले. धारेनंतर प्रत्येक सड आयोडीनच्या द्रावणात बुडवतो. सडाचं तोंड निदान अर्धा तास उघडं राहतं, म्हणून वैरण आता धारेनंतर टाकतो. गाय खात उभी राहते, शेणात बसत नाही. चंद्रीची धार सगळ्यांत शेवटी.

तो सड अजून दूध कमीच देतो. पुढच्या महिन्यात चंद्री आटवायची आहे, म्हणजे विण्याआधी तिची धार बंद करायची आहे. डॉक्टर आधी चारही सडांचं दूध तपासणार, मग कुठल्या सडात ट्यूब सोडायची ते ठरवणार.