तुम्ही विचारलंत म्हणून: कोप्रिवश्टित्सात चार दिवस काय केलं?

बल्गेरियाहून आल्यापासून जो भेटतो तो हेच विचारतो. "एवढ्या लांब गेलीस आणि दोन हजार वस्तीच्या गावात चार दिवस राहिलीस? तिथे बघायला आहे तरी काय?" परवा मावशीनंही विचारलं. फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले.

कोप्रिवश्टित्सा सोफियापासून साधारण ११० किलोमीटरवर, स्रेद्ना गोरा डोंगररांगेत, हजार मीटरच्या वर आहे. आगगाडी गावात जात नाही. आठ-नऊ किलोमीटर अलीकडे स्टेशन आहे, तिथून छोटी बस. मधून टोपोल्नित्सा नदी, दोन्ही बाजूंना दगडी गल्ल्या, उंच कुंपणभिंती आणि त्यांत दुपाखी लाकडी दरवाजे. आत पाऊल टाकलं की अंगण, आणि अंगणापलीकडे निळं, पिवळं किंवा गेरूसारखं तांबडं घर. एकोणिसाव्या शतकातली अशी घरं एकदोन नाहीत, गावभर आहेत. मला कुतूहल होतं ते याचंच: आजूबाजूची गावं जळाली, मग ही घरं कशी उरली?

१८७६ साली बल्गेरिया ऑटोमन सत्तेखाली होता. उठाव मे महिन्यात करायचा ठरला होता, पण बेत फुटला आणि इथला उठावाचा पुढारी तोदोर काब्लेश्कोव्ह याला पकडायला ऑटोमन शिपाई गावात आले. तेव्हाच्या जुन्या पंचांगाप्रमाणे २० एप्रिलला एका छोट्या दगडी पुलावर गेओर्गी तिहानेक या उठावकऱ्यानं गोळी झाडली आणि उठाव ठरल्याआधीच सुरू झाला. काब्लेश्कोव्हनं शेजारच्या पानाग्युरिश्तेला पत्र धाडलं आणि त्या झटापटीत पडलेल्याच्या रक्तानं त्यावर क्रूस काढला. इतिहासात ते 'रक्ताचं पत्र' म्हणूनच ओळखलं जातं. पुलाचं नाव आज 'पहिली बंदूक'. कमानीचा पूल आहे, दहा-बारा पावलांत संपतो. मी त्यावर रोज संध्याकाळी जाऊन उभी राहायचे. खाली पाण्याचा आवाज आणि पलीकडे कुणाच्या तरी घरातून येणारा लाकडाच्या धुराचा वास, एवढंच.

उठावकऱ्यांकडे तोफा नव्हत्या. त्यांनी चेरीच्या झाडाचे बुंधे पोखरले, त्यांवर लोखंडी कडी ठोकली आणि त्याच्या तोफा केल्या. फळझाडाची तोफ! संग्रहालयात तशा तोफेसमोर मी किती वेळ उभी होते, सांगता येत नाही. लाकडावरच्या रेषा स्पष्ट दिसतात. ज्यांनी ते झाड तोडलं, त्यांनी एखाद्या उन्हाळ्यात त्याची चेरी खाल्लीही असेल.

उठाव काही आठवड्यांत मोडला गेला. बाताक नावाच्या गावात हजारोंची कत्तल झाली, चर्चमध्ये आसरा घेतलेल्यांचीसुद्धा. अमेरिकन पत्रकार मॅकगहान यांनी तिथं पाहिलेलं लंडनच्या 'डेली न्यूज'मध्ये लिहिलं आणि युरोप हादरला. पुढे १८७७-७८ चं रशिया-तुर्की युद्ध झालं आणि बल्गेरिया सुटला. काब्लेश्कोव्हला ते बघायला मिळालं नाही. पकडला गेल्यावर त्यानं गाब्रोवोच्या कोठडीत पहारेकऱ्याच्या पिस्तुलानं स्वतःला संपवलं. वय पंचवीस.

आणि कोप्रिवश्टित्सा? इथल्या सधन व्यापाऱ्यांनी सैन्याला पैसा मोजून गाव वाचवलं. ही माणसं मेंढ्यांचा आणि जाड लोकरी कापडाचा व्यापार करायची, इस्तंबूल आणि कैरोपर्यंत जायची. ओस्लेकोव्ह यांच्या घराच्या दर्शनी भिंतीवर दूरदेशीची शहरं रंगवली आहेत आणि पुढचे खांब लेबनॉनच्या देवदाराचे आहेत. खुद्द ओस्लेकोव्ह मात्र उठावाला मदत केली म्हणून जिवाला मुकले. पुतळे बंदूक उचलणाऱ्यांचे उभे राहिले, आणि ते रास्तच आहे. पण ज्यांनी थैल्या रिकाम्या केल्या त्यांच्यामुळे ती घरं, ती रंगवलेली छतं आज आपण बघतो. मला तरी दोघांचंही ऋण सारखंच वाटतं.

मी जिथे उतरले होते त्या घरच्या आजींना सगळे 'बाबा' म्हणायचे. बल्गेरियनमध्ये बाबा म्हणजे आजी. त्यांच्या बोलण्यातले 'पाझार', 'द्युक्यान' हे शब्द कानावर पडले की बाजार आणि दुकान लगेच ओळखू यायचं. फारसी शब्द तुर्कीतून तिकडे पोचले तसे आपल्याकडेही आले. मान हलवण्यात मात्र गल्लत व्हायची. दही आहे का विचारलं तर त्यांनी डावीकडे-उजवीकडे मान हलवली, मी निराश झाले, आणि पाचच मिनिटांत मातीच्या भांड्यात घट्ट दही पुढे आलं. तिकडे तो होकार असतो.

त्यांच्या दरवाज्यावर एक कागद चिकटवलेला होता. फोटो, नाव, दोन तारखा. त्यांच्या यजमानांचा. बल्गेरियात माणूस गेला की असा कागद दारावर, खांबावर, झाडावर लावतात. पुढे चाळीस दिवसांनी आणि मग वर्षांच्या हिशेबानं पुन्हा नवा. सगळ्या गावात असे चेहरे दिसतात. पहिल्या दिवशी दडपण आलं, तिसऱ्या दिवशी मी नावं वाचत चालायला लागले.

चर्चच्या आवारात दिम्चो देबेल्यानोव्ह या कवीची कबर आहे. याच गावचा. पहिल्या महायुद्धात १९१६ मध्ये ग्रीसच्या भूमीवर मारला गेला, एकोणतिसाव्या वर्षी. अस्थी १९३१ मध्ये गावी आल्या. कबरीवर इव्हान लाझारोव्ह यांनी घडवलेली आई बसली आहे, हनुवटी हातावर टेकवून वाट बघत. तिच्या पायाशी ताजी रानफुलं होती.

एक दिवस पानाग्युरिश्तेलाही गेले. १९४९ मध्ये तिथल्या कौलांच्या कारखान्यासाठी माती खणताना तिघा भावांना थ्रेसियन (त्या भागातल्या प्राचीन लोकांच्या) काळातली सोन्याची नऊ भांडी सापडली, सहा किलोंहून जास्त वजनाची. मूळ संच प्रदर्शनांसाठी फिरत असतो, तेव्हा आधी चौकशी करून जा. आणि कोप्रिवश्टित्सातली वस्तुसंग्रहालयं सोमवारी काही, मंगळवारी काही बंद असतात, त्यामुळे एका दिवसात उरकायच्या बेतानं जाऊ नका.

निघताना बाबांनी मला उंबऱ्याबाहेर उभं केलं, तांब्या आणला आणि माझ्या पुढे वाटेवर पाणी ओतलं. प्रवास पाण्यासारखा सुरळीत वाहावा म्हणून. मी त्यांना म्हटलं, आमच्याकडे हातावर दही घालतात. त्या आत गेल्या आणि वाटी घेऊन आल्या.