तुम्ही विचारलंत म्हणून: रेषा विमानांच्या, मग यात तुमचं काय?

भिंतीवरचं चित्र बघायला लोक आधी जवळ येतात, मग दोन पावलं मागे सरकतात आणि हमखास हाच प्रश्न विचारतात. प्रश्न रास्त आहे. कागदावर असतं एवढंच: एक विमानतळ, एक दिवस, आणि त्या चोवीस तासांत तिथं उतरलेल्या किंवा तिथून उडालेल्या प्रत्येक विमानाची एक रेष. त्यातली एकही मी मनानं काढलेली नसते.

रेषा येतात हवेतून. आजकालची बहुतेक प्रवासी विमानं आपला ठावठिकाणा स्वतःच सांगत जातात. या पद्धतीला एडीएस-बी म्हणतात. 1090 मेगाहर्ट्झवर सेकंदाला साधारण दोनदा विमान आपली जागा आणि उंची कळवतं. एक संदेश जेमतेम 120 मायक्रोसेकंदांचा. तो गुप्त केलेला नसतो, त्यामुळे छोटा रिसीव्हर आणि सात सेंटिमीटरपेक्षा किंचित आखूड तारेची अँटेना असली की ऐकू येतो. पहिल्या दिवशी पडद्यावर अक्षांश-रेखांशांचे आकडे भराभर उतरताना पाहिले, तेव्हा घशात आवंढा आला होता. डोक्यावरून जाणारा प्रत्येक आवाज आता कुठल्यातरी ओळीत येऊन बसत होता.

कल्पना माझी नाही, हेही सांगते. 2005 मध्ये अमेरिकन कलाकार आरन कोब्लिन यांनी अमेरिकेच्या आकाशातली उड्डाणं काळ्या पार्श्वभूमीवर नुसत्या रेषांनी दाखवली आणि नकाशा न काढताही देशाचा आकार उमटला. माझा जीव मात्र एकाच विमानतळात अडकतो. 80 किलोमीटरचा चौकोन, 80 सेंटिमीटरचा कागद. म्हणजे 1 मिलिमीटरला 100 मीटर. तीन किलोमीटरची धावपट्टी कागदावर तीन सेंटिमीटर भरते.

आता मूळ प्रश्नाकडे. माझं काम सुरू होतं ते कुठला आकडा ठेवायचा आणि कुठला काढायचा इथून.

नुसते अक्षांश-रेखांश आलेखासारखे मांडले तर चित्र तिरपं होतं, कारण विषुववृत्तापासून दूर जावं तसं रेखांशांमधलं अंतर आक्रसत जातं. 60 अक्षांशावर ते निम्मं होतं. तिथली उत्तरेपासून 45 अंशांत वळलेली धावपट्टी दुरुस्ती न करता काढली, तर कागदावर 63 अंशांत झुकलेली दिसेल. म्हणून मी आधी धावपट्टीचा कोन मोजते. तो बसला की बाकीचं आपोआप जागेवर येतं.

उंचीनुसार रंग द्यायचा तर दुसरीच गंमत. विमान जी उंची कळवतं ती हवेच्या दाबावरून काढलेली असते, आणि दाब नेहमी 1013.25 हेक्टोपास्कल धरलेला असतो. हवा जड असलेल्या दिवशी, समजा दाब 1023 असताना, समुद्रसपाटीवरच्या धावपट्टीला टेकलेलं विमान आपण शून्याखाली सुमारे 270 फुटांवर आहोत असं सांगतं. ते चूक नसतं. त्या दिवसाचा दाब शोधून मलाच हिशेब जुळवावा लागतो.

मग येतात काटे. विमानाची जागा सम आणि विषम अशा दोन प्रकारच्या संदेशांची जोडी लावून उलगडते. जोडी चुकली की विमान एका क्षणात शेकडो किलोमीटर दूर जाऊन परत येतं आणि चित्रातून एक लांब काटा बाहेर पडतो. तो मी काढून टाकते. माझा नियम इतकाच आहे: विमानाला जे करता आलंच नसतं ते काढायचं, विमानानं जे केलं ते ठेवायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण एकेका चित्रावर माझे आठवडे यातच जातात.

कारण मोह होतो. विमान जमिनीजवळ आलं की इमारतींआड जातं, संदेश तुटतात, रेष धावपट्टीच्या अलीकडेच संपते. दोन टोकं सरळ जोडली की चित्र नीटनेटकं दिसतं. पण मधे वळण असेल, तर ती सरळ रेष विमान कधी गेलंच नाही अशा जागेवरून जाते. म्हणून मी ती फट तशीच ठेवते. सुरुवातीच्या एका चित्रात एका बाजूला पाचरीसारखी पांढरी जागा राहिली होती. तिकडे विमानं जात नसतील, असं मी धरून चालले होते. अँटेना दुसऱ्या छपरावर नेली आणि तिथंही रेषा उमटल्या. ती शेजारच्या उंच इमारतीची सावली होती.

रेषा प्लॉटरवर, म्हणजे पेन धरून कागदावर रेघा ओढणाऱ्या यंत्रावर, खऱ्या पेनानं उतरवायच्या तर धावपट्टीचं टोक सगळ्यांत नाजूक. येणारी विमानं आधी चहूकडून येतात, वळतात आणि शेवटचे दहा-पंधरा किलोमीटर एकाच रेषेत लागतात. तिथून तीन अंशांचा उतार, दहा किलोमीटरवर असताना उंची साधारण 1,700 फूट. 45 ते 60 मीटर रुंदीची धावपट्टी माझ्या कागदावर अर्ध्या मिलिमीटरची, आणि पेनाची निब 0.3 मिलिमीटरची. शेकडो विमानं त्या अर्ध्या मिलिमीटरमधून जातात. पेन तिथून पन्नासाव्यांदा जातं तोवर ओला कागद सोलायला लागतो. आता मी जाड सुती कागद घेते आणि रेषांचा क्रम बदलते: पाच-सहा येणाऱ्या, मग दूरवर जाणाऱ्या काही, म्हणजे मधल्या वेळात शाई वाळते.

दिवस निवडणं हेही माझंच. विमानं वाऱ्याच्या तोंडावर उतरतात आणि उडतात, त्यामुळे वारा फिरला की अख्खा विमानतळ तोंड फिरवतो. 27 क्रमांकाची धावपट्टी म्हणजे जवळजवळ 270 अंशांची, पश्चिमेकडे तोंड. तीच उलट टोकाकडून 09. दिवसभर वारा एकसारखा असेल तर चित्रात एकच पिसारा दिसतो. दुपारी वारा पालटला तर दोन पिसारे एकमेकांत शिरतात. मला असेच दिवस हवे असतात. वारा कुणालाच दिसत नाही, पण त्या कागदावर तो किती वाजता फिरला हे बोट ठेवून दाखवता येतं.

सध्या प्लॉटरवर आहे त्या चित्रात एक रेष धावपट्टीपर्यंत येते आणि न टेकता पुन्हा वर उठते. याला गो-अराउंड म्हणतात. पुढचं विमान धावपट्टीवरून वेळेत बाजूला झालं नाही किंवा वारा अचानक बदलला, तर वैमानिक उतरणं सोडून पुन्हा चढतो. सगळं नेहमीचं, शिकवलेलं. चित्र मागवणाऱ्यांनी कच्चा नमुना पाहून विचारलं, "हा वेटोळा काढता येईल का? नजरेला खटकतोय." मी नाही म्हणाले आणि तो काय आहे ते सांगितलं. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि मग तो राहू द्या म्हणाले.

वेटोळ्याची रेष प्लॉटर आत्ताच काढतोय. पेन धावपट्टीजवळ आलं, वर चढलं, डावीकडे वळलं, मोठा फेरा घेऊन परत त्याच सरळ वाटेला लागलं. विमानाला या फेऱ्याला 14 मिनिटं लागली होती, पेनाला 40 सेकंद. शेवटच्या तीन सेंटिमीटरमध्ये दुसरी रेष पहिलीवर चढली, आणि शाई तिथं जरा गडद झाली आहे.